पानफुटीची कुळकथा

महाड-पोलादपूरकडच्या घरांभोवती गडग्याच्या कडेला किंवा न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर पानफुटी सहज दिसते. ती कोणी मुद्दाम लावलेली असतेच असे नाही. जाड, मांसल पानांची ही झुडुपे थंडीत कमरेएवढी उंच होतात आणि हिरवट-तांबूस, लोंबत्या फुलांच्या झुबक्यांनी भरून जातात. पोरे त्या फुगीर कळ्या बोटांत धरून फोडतात, शिंजीर मधासाठी घिरट्या घालतात. शाळेच्या पुस्तकात शाकीय पुनरुत्पादनाचे उदाहरण म्हणून तिचे चित्र असते, त्यामुळे मराठी मुलांना तिचे नाव पाठ असते. हिला आपण इतके घरचे मानतो की ती बाहेरून आली असेल, हे मनातही येत नाही.

पानफुटीचे माहेर मादागास्कर. तिथून ती मोलुक्का बेटांवर, म्हणजे आजच्या इंडोनेशियातल्या लवंग-जायफळांच्या मुलखात पोचली होती. 1796 मध्ये इंग्रजांनी ही बेटे डचांकडून घेतली आणि मसाल्याची रोपे तिथून ईस्ट इंडिया कंपनीच्या बागांकडे निघाली. त्याच सुमारास पानफुटीही आली. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात ती 1799 साली लेडी क्लाइव्ह यांच्यामुळे मोलुक्काहून आल्याची नोंद तिथले अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांच्या यादीत आहे. ही हेन्रिएटा क्लाइव्ह म्हणजे मद्रासच्या गव्हर्नराची बायको आणि प्लासीवाल्या रॉबर्ट क्लाइव्हची सून. तिला झाडे आणि दगड गोळा करण्याचे मोठे वेड होते. श्रीरंगपट्टण पडले ते हेच वर्ष. टिपूचे राज्य गेले त्या वर्षी कलकत्त्याच्या वाफ्यात रुजलेले झाड आज आपल्या परसात आहे, हे मला विलक्षण वाटते.

कलकत्त्याहून ते लंडनला गेले आणि 1805 मध्ये सॅलिसबरी या वनस्पतीशास्त्रज्ञाने त्याला ब्रायोफायलम हे शास्त्रीय नाव दिले. आता त्याची गणना कलांचो या वंशात होते. जर्मन कवी गटे तर या झाडाच्या प्रेमातच पडला होता. पानाच्या काठावर नवी रोपे फुटताना पाहून त्याला सगळी वनस्पतीसृष्टी पानातूनच उलगडते, या आपल्या विचाराचा पुरावा मिळाल्यासारखे वाटे. तो स्वतः पानफुटी वाढवायचा आणि तिची पाने मित्रमंडळींना पाठवायचा.

पण या झाडाच्या कथेतला सर्वांत मोलाचा प्रसंग भारतातच घडला. बेंजामिन हाइन हा जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञ दक्षिणेत कंपनीच्या नोकरीत होता. त्याने पानफुटीचे पान दिवसातून वेगवेगळ्या वेळी चावून पाहिले. सकाळी ते चुक्याच्या पानासारखे आंबट लागले, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट. 1813 मध्ये त्याने हे लंडनच्या लँबर्ट या वनस्पती-अभ्यासकाला पत्राने कळवले आणि लिनियन सोसायटी या निसर्ग-अभ्यासकांच्या संस्थेने ते छापले. त्यामागचे कारण उलगडायला पुढे शंभराहून जास्त वर्षे लागली. बहुतेक झाडे दिवसा पानांची रंध्रे उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्या उघड्या दारांतून पाणीही गमावतात. पानफुटी दिवसा रंध्रे मिटून घेते, रात्री उघडते, घेतलेला वायू आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा उन्हाच्या बळावर तो वापरते. म्हणून सकाळी पान आंबट आणि दुपारी बेचव. ज्या कुळावरून या युक्तीला क्रॅस्युलेसियन ॲसिड मेटाबोलिझम हे नाव पडले, पानफुटी त्याच कुळातली. अननस आणि घायपातही हेच करतात. उन्हाळ्यात गडग्यावरचे सगळे गवत करपले तरी पानफुटी तग धरून का राहते, याचे उत्तर या आंबटपणात आहे.

आता आपल्याकडच्या बागेचे पाहू. महाड-पोलादपूरला जून ते सप्टेंबर पाऊस झोडपून काढतो आणि नोव्हेंबरनंतर मे अखेरपर्यंत आभाळातून जवळजवळ काही येत नाही. शोभेच्या झाडांच्या दुकानांत मिळणारी बरीचशी मांसल रोपे मेक्सिकोच्या किंवा दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या मुलखातली. दुष्काळ त्यांना सोसतो, आषाढ सोसत नाही. ती चार महिन्यांच्या ओलीत मुळापासून कुजतात. पानफुटीच्या माहेरी पावसाळा आणि कोरडा हंगाम दोन्ही असतात, म्हणून ती इथे टिकली, असे माझे मत आहे. आपल्या सह्याद्रीतही असे झाड आहे. शिंदळ माकुडी शिवनेरी, पुरंदर, सज्जनगडाच्या कड्यांवर कपारींत वाढते, पावसात पाने धरते आणि कोरड्या दिवसांत ती गाळून नुसत्या मांसल खोडावर जगते. डॅलझेल या वनस्पतीशास्त्रज्ञाने 1860च्या दशकात तिचे वर्णन केले आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून नाव दिले. ती फार दुर्मीळ आहे. ती कड्यावरच राहू द्यावी, कुंडीसाठी उपटू नये.

पानफुटीला मात्र फक्त एक पान पुरे. मुंबईत नोकरीला असलेला माणूस शिमग्याला गावी येतो, परतताना पिशवीत एक पान टाकतो आणि चाळीच्या गॅलरीत डब्यात रुजवतो. पान झाडावर असेपर्यंत काठावरचे डोळे बहुधा झोपलेले असतात. पान तुटले की ते जागे होतात. मृगाच्या पहिल्या सरींनंतर पान ओल्या मातीवर नुसते टेकवावे. पंधरवड्याच्या आसपास काठावर मुळे आणि इवली पाने दिसू लागतात. जागा उंचावरची निवडावी. गडग्याचा माथा उत्तम. कौलांच्या पागोळीखाली लावू नये, तिथे रोप कुजते. पुरानंतर नदीकाठच्या अंगणांत जो गाळ साचतो, तो बारीक आणि चिकट असतो. तो वापरायचाच तर जांभ्याचा चुरा आणि खापऱ्यांचे तुकडे निम्मे मिसळावेत. पावसाळ्यात वरून पाणी घालायचे नाही, गोगलगायी मात्र रात्री वेचाव्या लागतात. पानाच्या आत पोखरलेल्या पांढऱ्या वाटा दिसल्या तर त्या रेड पिएरो या फुलपाखराच्या अळीच्या असतात. तिला मारू नका, झाड तेवढे सोसते.

औषधाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. गावाकडे पान शेकून जखमेवर बांधतात, तिला घायमारीही म्हणतात, आणि मुतखड्यावर रस पिण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. हा उपयोग चरक-सुश्रुतांपासूनचा आहे असे सांगणारे बरेच भेटतात. पण जुन्या ग्रंथांतला मुतखड्यावरचा पाषाणभेद हिमालयातली निराळी वनस्पती मानला जातो, आणि पानफुटीची भारतातली नोंद 1799ची आहे. त्यातच हिच्या पानाफुलांत हृदयावर परिणाम करणारी विषद्रव्ये असतात. ऑस्ट्रेलियात ब्रायोफायलमच्या जाती खाऊन गुरे मेली आहेत. हाइनचा प्रयोग आपण घरी करून पाहू नये आणि रस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

जिथे पानफुटीला रोखणारे कोणी नाही, तिथे ती रान व्यापते. हवाईत आणि गालापागोस बेटांवर ती तण ठरली आहे. म्हणून या पावसात पानफुटी जरूर लावा, पण छाटलेली पाने ओढ्यात किंवा आंबेनळी घाटाच्या उतारावर फेकू नका. एक पान पडले तरी तिथे झाड उभे राहते. आणि गुरे सोडलेल्या कुरणाच्या कडेला ती आपोआप उगवलेली दिसली, तर मुळासकट काढून टाका.