ब्रेकचा आवाज आणि निळे डाग

मनमाड-हैदराबाद लोहमार्ग 1900 च्या सुमारास सुरू झाला आणि आमची उमरी रेल्वेच्या वाटेवर आली. ब्रेकचं कर्कश किंचाळणं या भागातल्या माणसांनी पहिल्यांदा ऐकलं असेल ते स्टेशनातच. चाकावर बिडाचे ठोकळे दाबून गाडी थांबवायची, अशी तेव्हाची रीत. आज मोटारीच्या डिस्कवर जे निळे-काळे डाग दिसतात, त्यांचं कोडंही आधी रेल्वेच्या ठोकळ्यांवरच उलगडू लागलं.

मोटारीच्या डिस्क ब्रेकचा जन्मच मुळी गोंगाटात झाला. बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी 1902 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. चाकाबरोबर फिरणारी तबकडी चिमट्यात धरायची, ही कल्पना नामी; पण चिमट्याला अस्तर तांब्याचं! धातूवर धातू घासला की कान किटायचे. पुढे हर्बर्ट फ्रूड यांनी अ‍ॅस्बेस्टॉसचं अस्तर आणलं आणि किंचाळी दबली. त्या धुळीने मात्र पुढे अनेकांची फुप्फुसं खाल्ली. ब्रिटनने 1999 मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली.

आता डागांकडे येऊ. पार्कर आणि मार्शल या इंग्रज संशोधकांनी 1948 मध्ये रेल्वेच्या ठोकळ्यांच्या तापमानावर निबंध प्रसिद्ध केला. घासणाऱ्या पृष्ठभागावर उष्णता सारखी पसरत नाही, ठराविक ठिकाणी एकवटते, असं त्यांना आढळलं. जे. आर. बार्बर यांनी 1969 मध्ये त्यामागचं गणित मांडलं. एखादी जागा किंचित जास्त दाबली जाते, म्हणून जास्त तापते. तापली म्हणून फुगते. फुगली म्हणून आणखी दाब तिच्यावरच येतो. सावकाराच्या व्याजासारखं हे चक्र! तापमान साधारण सातशे अंशांकडे गेलं की त्या जागी बिडाची घडणच बदलते. तो भाग कडक होतो, उरलेल्या डिस्कइतका झिजत नाही.

म्हणून ‘डिस्क वाकडी झालीय, लेथवर घासून घ्या’ हा सल्ला पुष्कळदा अर्धवट ठरतो. कडकपणा आत मुरलेला असला, तर थोड्याच दिवसांत उंचवटा पुन्हा वर येतो आणि स्टिअरिंग थरथरतं. अशी डिस्क बदलणंच बरं. पण ती तापली कशाने, हे आधी शोधावं. ब्रेक फारसा न दाबता चार-पाच किलोमीटर गाडी चालवावी आणि चाकांजवळ नुसता तळवा न्यावा, टेकवू नये. एकच चाक धगधगत असेल तर तिथला पिस्टन किंवा कॅलिपरच्या पिना अडकल्या असण्याचा संशय घ्यावा. आतलं पॅड झिजलेलं आणि बाहेरचं जाड, हीही तीच खूण.

आवाजाचंही तसंच. पावसाळ्यात सकाळी दोन-चार वेळा खरखरून थांबला, तर तो गंज आहे, घाबरू नये. सतत बारीक शिट्टी वाजत असेल, तर पॅड संपत आल्याचं कळावं म्हणून काही पॅडांवर मुद्दाम बसवलेली पत्र्याची जीभ डिस्कला लागत असेल. लोखंड खरवडल्यासारखा आवाज आला तर मात्र गाडी पुढे नेऊ नये.

बालाघाटाच्या उतारावर कुटुंबकबिला घेऊन निघालात तर गाडी खालच्या गिअरात ठेवा. सारखा ब्रेकवर पाय ठेवला आणि ब्रेक ऑइलला उकळी फुटली, तर पेडल पायाखाली नुसतं बसतं. उतार संपल्यावर थांबलात तरी पेडल दाबून धरू नका. तापलेल्या डिस्कवर पॅडचा ठसा उमटतो.