अर्धवट चित्र आणि पुरी अफवा

अफवा हें मनुष्यसमाजाचें जुनें दुखणें होय. परंतु पूर्वीं ती बाजारांतून पारावर आणि पारावरून घरांत पोहोंचे, तोंपर्यंत तिला अडवून प्रश्न विचारणारा एखादा शहाणा वाटेंत भेटे. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें भारतांत इंटरनेट सर्वांस खुलें केलें. आणि २०१६ नंतर तें इतकें स्वस्त झालें कीं, कुमारवयाच्या मुलांच्याहि हातीं आलें. वाट वेगवान झाली. वाटेंतला शहाणा मात्र उरला नाहीं.

याचा प्रत्यय मोसम-गिरणेच्या कांठच्या मालेगांव शहरास २०१८ सालीं आला. मुलें पळविणारी टोळी फिरते आहे, अशा वार्ता व्हॉट्सॲपवरून पसरल्या होत्या. १ जुलैस धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेवर गुजराण करणारे पांच जण जमावाच्या मारानें मरण पावले. त्याच रात्रीं मालेगांवांत दोन वर्षांच्या एका बालकासह पांच परक्या माणसांना जमावानें घेरलें. पोलिसांनीं त्यांना मोठ्या कष्टानें सोडविलें, म्हणूनच राईनपाड्याची पुनरावृत्ति टळली.

त्या वर्षीं देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकीं एकीचा उगम कराचींत निघाला. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरील मुलाला उचलून नेतात, एवढेंच तींत दिसे. मूळ चित्रफीत पालकांस सावध करण्यासाठीं केलेली होती. शेवटीं तें मूल परत आणून सोडलें जातें आणि उपदेशाचा फलक दिसतो. तो शेवटच कोणीं तरी कापला होता. बालरक्षणाचें साधन असें हत्येचें निमित्त झालें.

इंटरनेटवरील कुमारांच्या सुरक्षिततेचें मर्म याच कथेंत आहे. ‘हें कोठून आलें? यांतलें कांहीं कापलें तर नाहीं ना?’ असें विचारावयास जो शिकला, तो अफवेचा वाहक होत नाहीं. आणि तोच प्रश्न त्याला स्वतःलाहि वांचवितो. अनोळखी मित्राचें मोहक छायाचित्र, बक्षिसाचा निरोप, बँकेच्या नांवानें परवलीचा शब्द मागणारा आवाज, हींहि अर्धवट चित्रेंच होत. दाखविलेल्या भागांत गोडवा असतो. लपविलेल्या भागांत धमकी आणि खंडणी.

उपाय झाले नाहींत असें नव्हे. जुलै २०१८ मध्यें व्हॉट्सॲपनें भारतांत एक निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें धाडण्यास मर्यादा घातली. अठरा वर्षांखालील मुलांस २०१२ च्या पॉक्सो कायद्याचें संरक्षण आहे. सायबर फसवणुकीसाठीं १९३० आणि संकटांतील बालकांसाठीं १०९८ हे क्रमांक आहेत. परंतु क्रमांक फिरविण्यापूर्वीं मुलानें घरांत तोंड उघडावें लागतें. ‘मोबाइल काढून घेतील’ या भीतीनें तें गप्प बसलें, तर धमकावणाऱ्याचेंच फावतें.

ज्या घरांत मूल आपली चूक न लपवितां सांगूं शकतें, त्या घरांत पारावरचा तो शहाणा पुन्हां वस्तीस आला, असें खुशाल समजावें.