नियामक टी पेशी

नियामक टी पेशी हा रोगप्रतिकार यंत्रणेतील टी पेशींचा एक उपप्रकार आहे. इतर प्रतिकारक पेशींना आवर घालणे आणि शरीराच्या स्वतःच्या ऊतींवर होणारा हल्ला रोखणे हे त्यांचे मुख्य कार्य होय. रक्तातील सीडी४ टी पेशींपैकी साधारणतः ५ ते १० टक्के पेशी या प्रकारच्या असतात. त्यांचा अभाव असल्यास किंवा त्यांचे कार्य बिघडल्यास स्वयंप्रतिरक्षा रोग उद्भवू शकतात.

पार्श्वभूमी

टी पेशींची जडणघडण छातीतील यौवनलोपी ग्रंथीत, म्हणजेच थायमसमध्ये होते. प्रत्येक टी पेशीचा ग्राही जनुकखंडांच्या यादृच्छिक जुळणीतून तयार होत असल्याने काही ग्राही शरीराच्याच प्रथिनांना चिकटतात. या ग्रंथीतील काही पेशी एआयआरई या जनुकाच्या साहाय्याने इन्सुलिनसारखी इतर अवयवांची प्रथिनेही निर्माण करतात आणि त्यांना घट्ट चिकटणाऱ्या बहुतेक टी पेशी नष्ट केल्या जातात. मात्र ही छाननी परिपूर्ण नसते. निरोगी व्यक्तीच्या रक्तातही स्वतःची प्रथिने ओळखणाऱ्या टी पेशी आढळतात. त्यांना ताब्यात ठेवण्याचे काम नियामक टी पेशी करतात.

प्रतिजनांची ओळख

इतर सीडी४ टी पेशींप्रमाणेच नियामक टी पेशींनाही अखंड प्रथिन ओळखता येत नाही. दुसऱ्या वर्गाच्या एमएचसी रेणूवर मांडलेला प्रथिनाचा लहान तुकडा त्या ओळखतात. यौवनलोपी ग्रंथीत तयार होणाऱ्या नियामक पेशींचे ग्राही प्रामुख्याने शरीराच्या स्वतःच्या प्रतिजनांना तुलनेने घट्ट चिकटतात. म्हणजेच स्वतःला ओळखणारी प्रत्येक टी पेशी घातक नसते. तशा काही पेशी संरक्षकही असतात. काही नियामक पेशी ग्रंथीबाहेर, विशेषतः आतड्यात, सामान्य टी पेशींपासून बनतात. त्या अन्नातील व आतड्यातील जीवाणूंचे प्रतिजन ओळखतात.

कार्यपद्धती

नियामक पेशींवर सीडी२५ हा इंटरल्यूकिन-२ चा ग्राही मोठ्या प्रमाणात असतो. त्याद्वारे त्या हा वाढघटक शोषून घेतात व इतर टी पेशींना तो कमी मिळतो. सीटीएलए-४ या प्रथिनाच्या साहाय्याने त्या प्रतिजन सादर करणाऱ्या पेशींवरील उद्दीपक रेणू काढून घेतात. याशिवाय इंटरल्यूकिन-१० सारखे दाहशामक घटकही त्या स्रवतात. एकदा सक्रिय झाल्यावर त्या शेजारच्या, वेगळे प्रतिजन ओळखणाऱ्या पेशींनाही रोखू शकतात.

शोध

१९६९ मध्ये जपानी संशोधकांनी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी उंदरांच्या पिल्लांची यौवनलोपी ग्रंथी काढली असता माद्यांची अंडाशये नष्ट झाल्याचे आढळले. १९९५ मध्ये शिमोन साकागुची यांनी सीडी२५ असलेल्या सीडी४ टी पेशी वगळून उरलेल्या पेशी टी पेशीविरहित उंदरांना दिल्या, तेव्हा त्यांच्या अनेक अवयवांत स्वयंप्रतिरक्षा रोग झाले. वगळलेल्या पेशी परत देताच ते टळले. २००१ मध्ये मेरी ब्रन्को व फ्रेड रॅम्सडेल यांनी ‘स्कर्फी’ जातीच्या आजारी उंदरांमधील सदोष जनुक शोधले व त्याला फॉक्सपी३ हे नाव मिळाले. नियामक पेशींचा विकास याच जनुकावर अवलंबून असल्याचे २००३ मध्ये सिद्ध झाले. या तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

स्वयंप्रतिरक्षेची उत्पत्ती

मानवात फॉक्सपी३ मधील उत्परिवर्तनामुळे आयपेक्स हा दुर्मीळ रोग होतो. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने तो मुलग्यांमध्ये दिसतो. तान्ह्या वयातच तीव्र अतिसार, त्वचादाह व पहिल्या प्रकारचा मधुमेह ही त्याची प्रमुख लक्षणे होत. अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा त्यावरील एक उपचार आहे.

सर्वसामान्य स्वयंप्रतिरक्षा रोगांना मात्र असे एकच कारण नसते. विशिष्ट एचएलए प्रकार, सीडी२५ व सीटीएलए-४ यांच्या जनुकांमधील भेद आणि पर्यावरणीय घटक यांचा एकत्रित परिणाम होतो. अनेक रुग्णांत नियामक पेशींची संख्या घटलेली नसते. त्यांची कार्यक्षमता कमी झालेली असते किंवा हल्लेखोर पेशी त्यांना दाद देत नाहीत.

वैद्यकीय महत्त्व

स्वयंप्रतिरक्षा रोगांत व अवयव प्रत्यारोपणात नियामक पेशी वाढवण्याचे प्रयोग चालू आहेत. कर्करोगात याउलट स्थिती असते. गाठीभोवती जमलेल्या नियामक पेशी तिला संरक्षण देतात. सीटीएलए-४ ला रोखणाऱ्या इपिलिम्युमॅब या कर्करोगावरील औषधामुळे काही रुग्णांत मोठ्या आतड्याचा किंवा अंतःस्रावी ग्रंथींचा दाह उद्भवतो.