जहाजाची पाठ

समुद्रापासून इतक्या दूर वसलेल्या आपल्या नगरीत जहाजांच्या यंत्रांचा इतिहास सांगावयास उभे राहणे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु या इतिहासाचे पहिले पान आपल्याच जिल्ह्यात आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी रंगविलेले एक जहाज आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. तीन डोलकाठ्या, वाऱ्याने फुगलेली शिडे, ओळीने मांडलेले रांजण आणि पाठीमागे बाजूस बांधलेले सुकाणूचे वल्हे. ज्यांची राजधानी आपले पैठण, त्या सातवाहनांच्या काही नाण्यांवरही दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे. तेव्हा विषय परका नव्हे.

त्या चित्रातील पाठीमागच्या वल्ह्याकडे आम्ही आज लक्ष वेधू इच्छितो. लहान होडीत नावाडी मागे उभा राहून एकाच वल्ह्याने होडी पुढे रेटतो व वळवितोही. जहाज मोठे झाले तशी ही दोन कामे निराळी झाली. चालविण्याचे काम शिडांकडे गेले, वळविण्याचे सुकाणूकडे राहिले. वाफेचे यंत्र आले तेव्हा ती फाटाफूट तशीच राहिली, कारण आरंभी यंत्र फिरवीत असे ती जहाजाच्या दोन्ही अंगांची चाके.

मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट अशीच चाकांची होती. २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून निघाली आणि २२ एप्रिलला सुवेझला पोहोचली. तिच्यात कोळशाची सोय होती साडेपाच दिवसांची आणि एडन होते अकरा दिवसांच्या वाटेवर. साहजिकच मिळेल त्या जागी कोळसा भरावा लागला. आता चाकांच्या बोटीची अडचण अशी की, ओझ्याने ती खोल बुडाली म्हणजे चाकेही प्रमाणाबाहेर बुडतात व पाणी नुसते घुसळीत बसतात; आणि कोळसा जळून बोट हलकी झाली की तीच चाके पाण्याच्या वर येतात. याच मुंबईच्या अर्देशिर खरशेटजी वाडिया यांनी १८३३ मध्ये 'इंडस' ही वाफेची नौका पाण्यात सोडली, आणि १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. नव्या यंत्राची पारख आपल्याकडे नव्हती, असे कोणी म्हणू नये.

चाकांवर उपाय निघाला तो मळसूत्री पंख्याचा. १८४५ मध्ये इंग्रजांनी पंख्याची 'रॅटलर' आणि चाकांची 'अलेक्टो' या जवळजवळ सारख्या शक्तीच्या दोन आगबोटी पाठीस पाठ लावून बांधल्या आणि दोघींनाही पूर्ण जोराने ओढावयास लावले. 'रॅटलर'ने 'अलेक्टो'ला पावणेतीन नॉटच्या वेगाने उलटे ओढीत नेले. हा निकाल लागल्यावर जुनी शिडांची जहाजेही पंख्यावर आणण्याची घाई सुरू झाली.

या घाईत आपल्या सागाची परीक्षा झाली. १८१३ साली मुंबईत बांधलेल्या 'कॉर्नवॉलिस'वर १८४२ चा नानकिंगचा तह झाला होता. त्या जहाजाला १८५५ मध्ये पंखा बसला. १८४८ साली मुंबईतच बांधलेल्या 'मियानी'ला तो १८५७ मध्ये बसला. पंखा बसवावयाचा म्हणजे जहाजाच्या पाठीलाच हात घालावा लागे. सुकाणू ज्या खांबाला टांगलेले, त्याच्यातून लोखंडी दांडा बाहेर काढावयाचा, पंख्याला जागा करावयाची, आणि जी पाठ केवळ सुकाणू सांभाळीत आली तिच्यावर अहोरात्र थरथरणारे यंत्र लादावयाचे. दांड्याची पितळी बेअरिंगे भराभर झिजत आणि तेथून पाणी आत येई. १८५४ मध्ये जॉन पेन याने लिग्नम व्हिटी या अतिकठीण लाकडाच्या पट्ट्या त्या जागी बसविल्या. त्यांना वंगण म्हणून समुद्राचेच पाणी पुरत असे. एवढ्या साध्या युक्तीने पंखा भरवशाचा झाला. 'मियानी' पुढे हाँगकाँगला रुग्णालयाचे जहाज झाली व १९०६ मध्ये मोडली. 'कॉर्नवॉलिस'चे सांगाडे तर १९५७ पर्यंत टिकले.

१९५९ मध्ये वोल्वो पेंटा कंपनीने 'अ‍ॅक्वामॅटिक' नावाचे स्टर्नड्राइव्ह बाजारात आणले, आणि चक्र पूर्ण फिरले. यात इंजिन नौकेच्या आत, पाठफळीशी असते. दांडा पाठफळीतून बाहेर येतो, दंतचक्रांनी दोनदा काटकोनात वळतो व खाली पंखा फिरवितो. हा बाहेरचा पाय डावीउजवीकडे वळतो, म्हणून वेगळे सुकाणू लागत नाही. उथळ पाण्यात तो वरही उचलता येतो. चालविणे व वळविणे पुन्हा एका ठिकाणी आले. नावाड्याचे वल्हेच यंत्ररूपाने परतले, असे म्हणावयास हरकत नाही.

जुन्या पायाला एकच पंखा असे. १९८२ मध्ये एकाच आसावर उलटसुलट फिरणारे दोन पंखे आले. त्यांत भार वाटला गेला आणि नौका एका अंगास ओढण्याची खोड गेली. २००५ मध्ये त्याच कंपनीने पाठफळी सोडून तळाखाली बसणारे पाय आणले. जबर आघात झाला तर पाय तुटून पडावा, पण तळ फुटू नये, अशी त्यांची योजना आहे. मजबुती म्हणजे केवळ न मोडणे नव्हे. प्रसंगी काय आधी मोडावे हे ठरविणे हीही मजबुतीच.

तथापि जुन्या नौकेवर नवे, अधिक जोराचे यंत्र चढविणाऱ्याने १८५५ चा धडा विसरू नये. पाठफळीतील लाकूड आतून कुजले असेल, तळाच्या आडव्याउभ्या तुळया सैल असतील, दांड्याच्या सांध्यावरचे रबरी आवरण फाटले असेल, तर वाढविलेली शक्ती नौकेलाच फाडू पाहते. आधी पाठ घट्ट करावी, आवरण बदलावे, खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम झिजू नये म्हणून जस्ताचे तुकडे लावावेत, आणि मगच अश्वशक्तीचा विचार करावा.

हा प्रश्न केवळ हौशी लोकांचा नव्हे. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असताना नौदलाच्या एका वेगवान नौकेवरचा ताबा सुटला. ती 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि पंधरा माणसे प्राणास मुकली. तेथे पाठफळी मोडली, असे आमचे म्हणणे नाही. परंतु शक्ती आणि ताबा यांची जोडी सुटली म्हणजे काय होते, ते त्या दिवशी दिसले. आपल्या पैठणला १९७६ पासून नाथसागर पसरला आहे. अशा पाण्यावर यंत्राच्या नौकेत पाय ठेवणाऱ्याने इंजिन किती अश्वशक्तीचे, एवढेच विचारून थांबू नये. ते कोणत्या पाठीवर बसविले आहे, आणि ती पाठ शेवटची कोणी व केव्हा तपासली, हेही विचारावे.