गादी, लोड आणि गोधडी

आज आपण बसण्याचा इतिहास बघूया.

आपण 'साताऱ्याची गादी' म्हणतो, तेव्हा राज्याबद्दल बोलत असतो. १८१९ साली इंग्रजांशी तह होऊन छत्रपती प्रतापसिंह महाराजांचं राज्य ठरलं आणि १८४८ साली ते खालसा झालं. पण एवढ्या मोठ्या राज्याला नाव कशाचं? कापूस भरलेल्या गादीचं! वाड्यातली बैठक कापडाचीच असायची. खाली सतरंजी, वर जाजम, त्यावर गादी, पाठीला तक्क्या, हाताला लोड. दाराला पडदे. मोहिमेवर निघालं की हेच कापड उंटावर लादायचं आणि माळावर डेरा उभा करायचा.

गंमत बघा. तिकडे युरोपात १७३८ पासून हर्क्युलेनियम आणि १७४८ पासून पाँपेई ही जमिनीत गाडली गेलेली रोमन शहरं खणायला लागले. तिथल्या चित्रांतले, मूर्तींच्या अंगावरचे चुणीदार कपडे बघून श्रीमंतांना तसंच घर सजवायची हौस आली. पलंगावर मुकुटासारखं कडं लावून दोन्ही बाजूंनी कापड सोडायचं, खुर्च्या-कोचांनाही झालरी. पॅरिसजवळच्या माल्मेझाँ वाड्यात १८०० साली नेपोलियनची सल्लामसलतीची खोली लढाईतल्या तंबूसारखी कापडाने मढवली. त्यांची ती नवी तऱ्हा होती, आपल्याकडे मात्र डेऱ्यात बसून कारभार करणं नेहमीचंच होतं.

पण त्या गादीवर बसायचं कोणी? बायका पडद्याआड. कापूस वेचणारे, सूत कातणारे हात मात्र बहुतेक बायकांचेच. माण, आटपाडी, जतकडच्या घोंगडीची लोकरही घरोघरी बायकाच कातायच्या. जुन्या लुगड्यांचे थर लावून, धावदोरा घालून गोधडी शिवायची, तीही त्यांनीच. त्या गोधडीची नोंद कोणत्या दप्तरात झाली?

इंग्रजांच्या कचेऱ्यांबरोबर खुर्चीचा मान वाढला आणि सत्तेलाच आपण 'खुर्ची' म्हणायला लागलो. आता घरोघरी सोफा आलाय. पाहुणे आले की पुरुषमंडळी सोफ्यावर, आणि घरची बाई? स्वयंपाकघराच्या दारात उभी. सोफ्याचा हप्ता कित्येकदा तिच्याच गटाच्या कर्जातून जातो.

सोफा घेऊ नका, असं मी म्हणत नाही. पण कर्जाचा अर्ज भरण्याआधी घरातलं कापड एकदा बाहेर काढून बघा. लोखंडी पलंगाला गोधडी, दोन लोड आणि खाली चुणीदार झालर लावली की झकास बैठक होते. चुण्या भरदार पडायला जेवढी लांबी झाकायची, त्याच्या दुप्पट कापड घ्या. सहा फुटी पलंगाच्या एका बाजूला बारा फूट लागेल. नऊवारी लुगडं सत्तावीस फुटांचं असतं, म्हणजे एका जुन्या लुगड्यात पलंगाच्या दोन्ही लांब बाजू होतात.

आणि बैठक तयार झाली की आधी तुम्ही बसा. गटाच्या बैठकीत अध्यक्ष, सचिव, नवी सभासद, सगळ्या एकाच सतरंजीवर बसतात. तिथे कोणी वर नसतं, कोणी खाली नसतं. गटात जमतं, ते घरातही जमायला हवं.