पिस्तुलाची दारू

भोसरीहून आळंदीकडे निघालें म्हणजे दिघीजवळ एक चौक लागतो. त्याला लोक मॅगझिन चौक म्हणतात. तेथें कोणतें मासिक निघत नाहीं. जवळच्या लष्करी दारूकोठारावरून तें नांव पडलें आहे. मूळ शब्द अरबी, ‘मख्झन’, म्हणजे सांठ्याची जागा. तो युरोपांत गेला, तेथून इंग्रजांबरोबर फिरून आमच्याकडे आला, आणि वाटेंत त्यानें दोन अर्थ जोडले : एक दारूच्या सांठ्याचा, दुसरा लेखांच्या सांठ्याचा. आज बोलावयाचें आहे तें पहिल्या सांठ्याविषयीं. आणि त्यांतही एका लहानशा प्रश्नाविषयीं. पिस्तुलाला जलद जळणारीच दारू कां लागते? प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. पण त्याचें उत्तर चुकल्यामुळें बोटें, डोळे आणि प्राण गेलेले आहेत.

आमच्या पूर्वजांची दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचें मिश्रण. कोळसा व गंधक जळावयाचे. सोऱ्यानें त्यांना प्राणवायु पुरवावयाचा. त्यामुळें ही दारू कोंडलेल्या जागींही पेटते. परंतु ती पेटते पृष्ठभागापासून आंत. एकाच लांकडाचा ओंडका चुलींत रात्रभर धुमसतो, आणि त्याच्याच ढलप्या केल्या तर क्षणांत भडकून जातात. दारूच्या दाण्याचेंही तसेंच आहे. दाणा मोठा तर ज्वलन मंद, दाणा बारीक तर ज्वलन तीव्र. हें रसायनशास्त्र कोणी शिकविण्यापूर्वींच गोलंदाजांना अनुभवानें ठाऊक होतें. तोफेच्या पोटांत भरावयाची दारू वेगळी, आणि तिच्या कानांत घालावयाची बारीक दारू वेगळी. या दुसरीला आपल्या भाषेंत स्वतंत्र नांवच आहे : रंजक. जलद जळणाऱ्या दारूला असें वेगळें नांव असावें, यावरूनच तिचें महत्त्व जुन्या लोकांनीं ओळखलें होतें हें दिसतें.

भोसरीच्या उत्तरेस नाशिकच्या रस्त्यानें गेलें कीं चाकण. आज तेथें मोटारींचे कारखाने आहेत, पण इ. स. १६६० च्या पावसाळ्यांत तेथील संग्रामदुर्गाला शाएस्तेखानाचा वेढा पडला होता. फिरंगोजी नरसाळा यानें तो भुईकोट सुमारें दोन महिने लढविला. तोफांनीं काम होईना, तेव्हां मोंगलांनीं बुरुजाखालीं सुरुंग खणून त्यांत दारू ठासली आणि १४ ऑगस्ट रोजीं ती उडविली. बुरुज आकाशांत गेला, वरचे लोकही त्याबरोबर गेले. दुसऱ्या दिवशीं किल्ला पडला. जी दारू बंदुकीच्या नळींत गोळीला ढकलते, तीच बंद भुयारांत दगडी बुरुज उचलते. कोंडलेल्या वायूला वाट मिळते कीं नाहीं, आणि मिळते तर किती लवकर, यावर सारें अवलंबून आहे. पिस्तुलाचें सारें शास्त्र या एका वाक्यांत येतें.

आतां आधुनिक काळाकडे येऊं. इ. स. १८४६ मध्यें बाझल येथील शोनबाईन या रसायनशास्त्रज्ञानें आम्लांच्या क्रियेनें स्फोटक कापूस तयार केल्याचें जाहीर केलें. तो धूर जवळजवळ करीत नसे, आणि जोर काळ्या दारूहून कितीतरी अधिक. सेनापति हर्षले, परंतु बंदुका फुटूं लागल्या आणि कारखाने उडूं लागले. कारण हें कीं हा कापूस फार वेगानें जळे. पुढें जवळजवळ चाळीस वर्षें शास्त्रज्ञांचा प्रयत्न चालला तो त्याला मंद करण्याचा. इ. स. १८८४ मध्यें फ्रान्समधील व्हिएय् यानें कापूस विरघळवून त्याची लगदी केली व तिचे पातळ पत्रे कापले. तेव्हां ज्वलन पुन्हा पृष्ठभागापासून आंत, थराथरानें होऊं लागलें. नोबेलनें १८८७ मध्यें बॅलिस्टाइट आणिलें, आणि १८८९ मध्यें एबेल व ड्यूअर यांनीं इंग्रज सरकारला कॉर्डाइट दिलें. कॉर्डाइट दिसावयास आपल्या शेवयांसारखें. हिंदुस्थानांत त्याचा कारखाना निलगिरींत अरुवनकाडु येथें विसाव्या शतकाच्या आरंभीं निघाला. पुण्याजवळ खडकीस तर काडतुसांचा कारखाना १८६९ पासूनच होता. भोसरी, दापोडी, बोपोडीच्या लोकांना त्याचा भोंगा म्हणजे घड्याळच.

मौज अशी कीं ज्या दारूला चाळीस वर्षें खपून मंद केलें, तिलाच पिस्तुलासाठीं पुन्हा जलद करावें लागलें. रायफलीची नळी सुमारें पंचवीस इंच लांब. तींत दारूला जळावयास अवकाश असतो, गोळी पुढें सरकत असतां मागून वायु वाढत जातो आणि तिला ढकलीत राहतो. पिस्तुलाची नळी अवघी चार-पांच इंच. मंद दारू घातली तर गोळी बाहेर पडते तेव्हां निम्मी दारू अजून जळावयाचीच असते. ती तोंडाशीं मोठा जाळ करते आणि गोळी दुबळी जाते. म्हणून पिस्तुलासाठीं कॉर्डाइटच्या शेवया अगदीं बारीक काढाव्या लागल्या. अन्य देशांत त्याच कामासाठीं पातळ चकत्या किंवा सच्छिद्र दाणे करूं लागले. इंग्रजांच्या वेब्ली रिव्हॉल्व्हरची कथा बोलकी आहे : काडतूस मूळचें काळ्या दारूचें, तिच्या आकारमानाचें. कॉर्डाइट आल्यावर तेवढी जागा रिकामी राहूं लागली, आणि शेवटीं १८९७ मध्यें काडतुसाची पितळी नळीच आंखूड करण्यांत आली.

या धूरविरहित दारूवांचून आपोआप भरणारें पिस्तूल चालतेंना. काळ्या दारूची काजळी त्याचे नाजूक भाग लवकरच अडवून टाकते. अशा ब्राउनिंग पिस्तुलानेंच २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या नाट्यगृहांत अनंत कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. त्या पिस्तुलांचा माग सरकारनें लंडनपर्यंत काढला. इतिहासाच्या पुस्तकांत त्या रात्रीचीं माणसें येतात, आणि तीं यावयासच हवींत. पण कोटाखालीं मावणारें तें शस्त्र शक्य झालें तें प्रयोगशाळेंतील या खटाटोपामुळें, हें कोणी लिहीत नाहीं.

जलद दारूचा दोष तिच्या गुणांतच आहे. ती थोडी पुरते. पिस्तुलाच्या काडतुसांत सोनाराच्या दोन-तीन गुंजांच्या आसपास. थोडी पुरते म्हणून काडतुसाचा बराचसा भाग रिकामा राहतो, आणि भरणाऱ्याचें लक्ष विचलित होऊन दुप्पट पडली तरी डोळ्यांना दिसत नाहीं. मंद दारूनें भरलेलें काडतूस दुसऱ्यांदा भरूं गेल्यास उतूं जातें. जलद दारू मुकाट्यानें आंत बसते. मग चाप ओढला कीं गोळी फारशी हलण्यापूर्वींच दाब शिखरास जातो, आणि चाकणच्या बुरुजाची गत हातांतल्या पोलादाची होते.

आपल्याकडे घरीं काडतुसें भरण्याचा छंद अमेरिकेसारखा पसरला नाहीं. १९५९ च्या शस्त्रकायद्यानें परवान्यावांचून दारूगोळा तयार करणें हा गुन्हा आहे, आणि तें मला योग्य वाटतें. परंतु कोंकणांत पीकसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका आहेत. त्या बाळगणारा शेतकरी प्रत्येक बाराला आपली दारू आपणच मोजतो. त्याचें माप काळ्या दारूचें. त्याच मापानें कोणीं धूरविरहित दारू ठासली तर बंदूक शत्रूची नव्हे, धन्याची होते. युरोपांतही संक्रमणाच्या काळांत जुन्या बंदुका अशाच फुटल्या. दारू बदलली, मापाची संवय बदलली नाहीं.

कारखान्यांतलें काम तर अधिकच जोखमीचें. भंडाऱ्याजवळच्या आयुधनिर्माणींत, जेथें अशा दारू तयार होतात, २४ जानेवारी २०२५ रोजीं स्फोट होऊन कित्येक कामगार मृत्युमुखीं पडले.

म्हणून रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र मला वारंवार आठवतें. सुमारें १७१५ सालच्या त्या ग्रंथांत किल्ल्यावरील दारूखान्याविषयीं बारीक सूचना आहेत. तो घरांजवळ नसावा, सर्दी लागूं देऊं नये, आठ-पंधरा दिवसांनीं हवालदारानें स्वतः येऊन दारू बाहेर काढावी, ऊन द्यावें आणि पुन्हा मोहोर करून ठेवावी, राखणीस माणसें असावींत. सर्दीनें सोरा ओला झाला कीं दारू मंदावते, हें त्या कारभाऱ्यास पक्कें माहीत होतें.

यांतली घरांजवळ नसावा ही पहिली सूचना आज आमच्या भोसरीकरांना फार जवळची आहे. देहूरोडच्या कोठाराभोंवतीं दोन हजार यार्डांची बंदी, दिघीच्या कोठाराभोंवतीं तशीच दुसरी; तिलाच सर्वजण रेड झोन म्हणतात. कोठारें बांधलीं तेव्हां भोंवतीं शेतें होतीं. मागाहून १९६० नंतर कारखाने आले, कारखान्यांमागून चाळी व इमारती आल्या, आणि कोठारापासून दूर असलेलीं घरें हळूहळू त्याच्या कुंपणाशीं येऊन ठेपलीं. ज्यांनीं आयुष्याची पुंजी घालून तेथें दोन खोल्या घेतल्या, त्यांना नकाशावरील ती रेघ मागें हटावी असें वाटतें. आणि कोठाराच्या रक्षकांना ती तशीच राहावी असें वाटतें. दोघांचेंही म्हणणें मीं ऐकलें आहे. मागच्या पावसाळ्यांत त्या कुंपणाशेजारून जातांना आंतल्या बाजूला गवत उंच वाढलेलें दिसलें, आणि बाहेरच्या बाजूला एका नव्या घराच्या गच्चीवर वाळत घातलेलीं लहान मुलांचीं कपडीं.