'बायकॉट' हे एका माणसाचं आडनाव होतं

गेल्या आठवड्यात एका गावातून फोन आला. "साहेब, रस्ता होईपर्यंत मतदानावर बायकॉट! बातमी लावा." लावली. दोन दिवसांनी दुसरा फोन, दबक्या आवाजात. "गावाने आम्हाला वाळीत टाकलंय. पण नाव छापू नका." मथळा लिहायला बसलो आणि हात थांबला. दोन्हीकडे शब्द एकच, बहिष्कार.

मुळात बायकॉट हा आयर्लंडमधल्या मेयो परगण्यातला इंग्रज कारभारी. कॅप्टन चार्ल्स बायकॉट. लॉर्ड अर्न या जमीनदारासाठी कुळांकडून खंड वसूल करायचा. १८७९ ला पीक बुडालं. कुळांनी खंडात सूट मागितली, मनासारखी मिळाली नाही. १८८० च्या सप्टेंबरमध्ये कुळांना हुसकावण्याच्या नोटिसा निघाल्या. त्याच महिन्यात पार्नेल या पुढाऱ्याने सभेत सांगितलं होतं की, मारामारी नको, अशा माणसाशी संबंधच तोडा. लोकांनी तेच केलं. गडी काम सोडून गेले, दुकानदार माल देईनात. शेवटी पीक काढायला बाहेरून पन्नासेक मजूर आणले, त्यांच्या राखणीला शेकडो सैनिक आणि पोलीस! पिकाच्या किमतीपेक्षा बंदोबस्ताचा खर्च कितीतरी पट जास्त झाला. डिसेंबरात बायकॉट आयर्लंड सोडून निघून गेला. आडनाव मात्र भाषेत राहिलं, इंग्रजीतून फ्रेंच, जर्मनमध्येही गेलं.

आपल्याकडे उलटं झालं. 'बहिष्कार' शब्द जुनाच, पण तो जातीबाहेर टाकण्याचा. १९०५ च्या बंगालच्या फाळणीनंतर टिळकांनी आणि सहकाऱ्यांनी तो विलायती मालाविरुद्ध उगारला. पण जुना अर्थ काही मेला नाही. १९२७ मध्ये बाबासाहेबांना आपल्या पत्राचं नाव 'बहिष्कृत भारत' ठेवावं लागलं. आणि २०१६ मध्ये महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरोधात कायदा करावा लागला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड.

म्हणून आता मी मथळा देण्याआधी एवढंच विचारतो, कोणी कोणावर टाकलाय? कुळांनी कारभाऱ्यावर टाकला तर ते आंदोलन. अख्ख्या गावाने एका घरावर टाकला, त्यांचं पाणी तोडलं, लग्नाला-मयताला जाणं बंद केलं, तर तो गुन्हा.

त्या दुसऱ्या फोनवाल्यांना कायद्याची माहिती दिलीय. तक्रार करायला ते अजून घाबरतायत. तुमच्या गावात असं कोणी असेल, तर निदान त्यांच्या घरी चहाला तरी जा.